जॉन पेटनसाहेब आणि अनिवा बेटावरील विहीर

आमचे बहुतेक वाचक खेड्यापाड्यांत राहणारे आहेत. वैशाखात ओढा आटल्यावर डोक्यावर घागर घेऊन कोसभर चालणाऱ्या बाईस, किंवा विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने पाणी भरणाऱ्या मुलास, पाण्याची किंमत कोणी शिकवावयास नको. म्हणून आज आम्ही त्यांच्यापुढे अशा एका मनुष्याचे चरित्र ठेवीत आहो की, ज्याने पुष्कळ वर्षे उपदेश केला, पुष्कळ दुःख सोसले, पण ज्याचे नाव एका लहानशा बेटावरील लोकांच्या अंतःकरणात शिरले ते कुदळ-फावड्याच्या वाटेने शिरले. त्या मनुष्याचे नाव जॉन गिब्सन पेटन.

पेटनसाहेबांचा जन्म २४ मे १८२४ रोजी स्कॉटलंड देशात, डम्फ्रीस शहराजवळच्या एका खेड्यात झाला. अकरा भावंडांत ते वडील. त्यांचे बालपण टॉर्थोरवाल्ड नावाच्या गावात गेले. बाप मोजे विणण्याचा धंदा करी. घर गवताने शाकारलेले, दोन खोल्यांचे. त्या दोहोंच्या मध्ये एक अगदी लहान कोठडी होती. त्या कोठडीत बाप दररोज नेमाने प्रार्थनेस जाई, आणि आतून येणारा त्याचा हळू आवाज ऐकून मुले पाय न वाजविता घरात वावरत. बारा वर्षे पुरी होण्याच्या आतच जॉनने शाळा सोडून बापाच्या मागावर बसावे लागले. दिवसभर मागावर बसावयाचे आणि जेवणाच्या सुट्टीतून उरलेल्या घटकांत पुस्तक उघडावयाचे, असा त्याचा क्रम होता. पुढे तो ग्लासगो शहरी गेला, आणि दहा वर्षे तेथील अत्यंत गरीब वस्तीत शुभवर्तमानाचे काम करीत त्याने धर्मशास्त्राचा व थोडा वैद्यकीचाही अभ्यास केला. ज्या मंडळीने त्यांस पाळकपणाची दीक्षा दिली, तिचा मोठा भाग १८७६ साली स्कॉटलंडच्या फ्री चर्चला मिळाला. त्या चर्चचे मुंबई, पुणे, नागपूर व जालना येथील कार्य आमच्या वाचकांच्या परिचयाचे आहेच.

१८५८ च्या एप्रिल महिन्यात पेटनसाहेब आपली नवपरिणीत पत्नी मेरी हिजसह जहाजात बसले. त्यांस पॅसिफिक महासागरातील न्यू हेब्रिडीज नावाच्या बेटांवर जावयाचे होते. ही बेटे ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस आहेत. आज त्यांस वानुआतू असे म्हणतात. त्या बेटांपैकी एरोमंगा येथे १८३९ साली जॉन विल्यम्स व त्यांचे सोबती हॅरिस यांस लोकांनी मारून टाकले होते. त्या काळी तेथे चंदनाच्या लाकडासाठी गोरे व्यापारी येत. ते लाकूड घेत, आणि मागे बंदुका, दारू, रोग आणि वैर ठेवून जात. तेव्हा नवा गोरा मनुष्य दिसला की बेटवाल्यांच्या मनात शंका उभी राही, यात नवल नाही.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते टाना बेटावर उतरले. तेथील हवा त्यांस ठाऊक नव्हती. घर समुद्राजवळ सखल जागी बांधले गेले आणि हिवतापाने दोघांसही धरले. १८५९ च्या फेब्रुवारीत त्यांस मुलगा झाला. मार्चच्या ३ तारखेस मेरी वारली, आणि त्याच महिन्यात बाळही गेले. पेटनसाहेबांनी आपल्या हातांनी घराजवळ त्यांची थडगी खणली. पुढे १८६१ साली व्यापारी जहाजांतून गोवर आला व बेटावर घरोघर प्रेते पडली. लोकांनी त्या मरणाचा दोष नव्या देवावर व त्याच्या सेवकावर ठेवला. त्याच वर्षी एरोमंगा बेटावर गॉर्डनसाहेब व त्यांची पत्नी यांची हत्या झाली. अखेर १८६२ च्या आरंभी पेटनसाहेबांस टाना सोडून जीव वाचवावा लागला.

येथे एक गोष्ट आम्ही आमच्या उपदेशक बंधूंस मुद्दाम सांगतो. टानावर पेटनसाहेब एकटे नव्हते. शेजारच्या अनैत्यूम बेटावरचे लोक काही वर्षांपूर्वीच ख्रिस्ती झाले होते, आणि त्यांच्यातील पुरुष व स्त्रिया उपदेशक होऊन इतर बेटांवर जाऊन राहत. त्यांस ना मोठा पगार, ना कोणत्या सरकारचा आधार. अब्राहाम नावाचा अनैत्यूमचा एक वृद्ध मनुष्य टानावरील सर्व संकटांत पेटनसाहेबांस सोडून गेला नाही. परदेशी मिशनरीचे नाव पुस्तकात मोठ्या अक्षरांनी छापले जाते, परंतु त्याच्या आधी आणि त्याच्या बाजूस उभे राहिलेले हे बेटवासी सेवक नसते तर ते पुस्तकच लिहिले गेले नसते.

टाना सोडल्यावर पेटनसाहेब ऑस्ट्रेलियात गावोगाव फिरले. शब्बाथशाळेच्या मुलांनी आपले पैसे देऊन एका मिशन-जहाजात लहान लहान भाग घेतले, आणि त्या निधीतून ‘डेस्प्रिंग’ नावाचे जहाज तयार झाले. १८६४ साली स्कॉटलंडास जाऊन त्यांनी मार्गारेट व्हाइटक्रॉस या बाईंशी दुसरा विवाह केला.

परंतु चरित्र लिहिणाऱ्याने चांगले तेवढेच सांगावे आणि बाकीचे झाकून ठेवावे, हे आम्हांस योग्य वाटत नाही. १८६५ साली ‘क्युरासोआ’ नावाची इंग्रज लढाऊ नौका टाना येथे गेली. गोऱ्या लोकांच्या हत्या व त्यांच्या मालाची लूट यांबद्दल शासन करावे, असा तिच्या अधिकाऱ्याचा हेतू होता. नौकेच्या तोफांनी किनाऱ्यावरील गावांवर मारा केला. घरे व होड्या नष्ट झाल्या आणि काही माणसेही मेली. पेटनसाहेब तेथे दुभाषी म्हणून हजर होते. आपण केवळ निरोप सांगितला, मारा करा असे म्हटले नाही, असे ते पुढे सांगत. तरी ऑस्ट्रेलियातील वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर कडक टीका केली, आणि अनैत्यूमवरील वडील मिशनरी गेडीसाहेब यांनीही या कृत्याचा निषेध केला. आम्हांस वाटते, हा निषेध न्याय्य होता. ज्याच्या हातात शांतीचे शुभवर्तमान आहे, त्याने तोफेच्या शेजारी उभे राहावे हे शोभत नाही. आणि तोफेने टाना बेटाचे एकही मन उघडले नाही, हे तर सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे.

पुढील वर्षी, म्हणजे १८६६ च्या नोव्हेंबरात, पेटनसाहेब, त्यांची पत्नी व तान्हे मूल यांस टानावर न पाठविता शेजारच्या अनिवा बेटावर ठेवण्यात आले.

अनिवा हे फार लहान बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे तीन चौरस मैल, म्हणजे आमच्या इकडील एखाद्या मध्यम गावाच्या शिवारापेक्षा अधिक नाही. ते समुद्रातून वर आलेल्या पोवळ्याच्या खडकाचे बनलेले आहे. टानावर उंच डोंगर व धगधगता ज्वालामुखी आहे. अनिवावर ढग अडविणारा डोंगर नाही, नदी नाही, ओढा नाही. लोकांची घरे लाकडाच्या मेढींवर उसाच्या पाल्याने शाकारलेली असत. नारळ, केळी, नीरफणस, कोनफळासारखे कंद आणि अळकुड्या हे त्यांचे अन्न. समुद्रातील मासे हे कालवण. मळ्यांतील कष्टाचा मोठा भार स्त्रियांवर असे. त्यांची भाषा टानाच्या भाषेहून अगदी निराळी होती, त्यामुळे पेटनसाहेबांस पुन्हा पहिल्या शब्दापासून शिकावे लागले. पेटनसाहेबांच्या पुस्तकात या लोकांस रानटी म्हटले आहे, परंतु त्यांची शेती, त्यांचे नौकानयन, त्यांचे नात्यागोत्याचे व देण्याघेण्याचे कायदे पाहिले म्हणजे तो शब्द आज आमच्याने लिहवत नाही. भय, सूड व भांडणे त्यांच्यात होती. ती कोणत्या गावात नाहीत?

सर्वांत मोठी अडचण पाण्याची. डिसेंबरापासून एप्रिलापर्यंत पाऊस पडे. तेव्हा खळग्यांत थोडे पाणी साचे, पण पोवळ्याची जमीन चाळणीसारखी, ती ते लवकरच पिऊन टाकी. बाकीचे महिने लोक शहाळ्यांच्या पाण्यावर तहान भागवीत आणि समुद्रात अंग धूत. नारळाचे पीक कमी आले, किंवा घरात कोणी तापाने फणफणला, तर एक तांब्याभर गोडे पाणी मिळणे कठीण होई.

येथेही पेटनसाहेबांच्या आधी अनैत्यूमचे दोन उपदेशक येऊन गेले होते. जुन्या वैराचा सूड म्हणून अनिवाच्या काही माणसांनी त्यांच्यावर हल्ला केला. एक ठार झाला व दुसरा जबर जखमी होऊन वाचला. अशा भूमीवर पेटनसाहेबांनी घर बांधावयास घेतले. एके दिवशी काम करताना त्यांस खिळे हवे होते. त्यांनी लाकडाच्या ढलपीवर दोन शब्द लिहून ती एका नायकाच्या हाती पत्नीकडे पाठविली. बाईंनी ढलपी पाहून हवी ती वस्तू दिली, तेव्हा लाकूड कसे बोलते याचे त्या नायकास मोठे आश्चर्य वाटले. अक्षरे शिकण्याची गोडी बेटावर तेथून लागली.

बेटाचा वृद्ध नायक नामाकेई हा पेटनसाहेबांचा मित्र झाला. त्यास व इतरांस साहेबांनी सांगितले की, देवाची इच्छा असेल तर आपण जमिनीत खोल खणून खालून गोडे पाणी काढू. नामाकेईस वाटले की, साहेबाचे डोके उन्हाने फिरले. पाऊस आकाशातून पडतो, तो जमिनीतून वर येईल काय? त्याने प्रेमाने समजूत घातली की, असे बोलू नका, नाहीतर लोक तुमच्या दुसऱ्या शब्दावरही विश्वास ठेवणार नाहीत. तरी पेटनसाहेबांनी घराजवळच्या वाटेलगत जागा धरली आणि कुदळ, पहार व बादली घेऊन खणू लागले. उन्हात एकट्याने खणवेना, तेव्हा त्यांनी मासे धरण्याचे लोखंडी गळ मजुरी म्हणून देऊ केले, आणि तरुण आळीपाळीने मदतीस आले. खड्डा सुमारे बारा फूट झाला, तोच एका संध्याकाळी त्याची एक बाजू ढासळली. त्या दिवसापासून खाली उतरावयास कोणीही तयार होईना. नामाकेईने पुन्हा समजाविले, की आत असता तर तुमचे मरण झाले असते, आणि मग आम्ही तुमच्या राणीच्या जहाजास काय उत्तर दिले असते?

पेटनसाहेबांनी जागा किंचित सरकवून पुन्हा आरंभ केला. वर लाकडे आडवी टाकून त्यांनी कप्पी बसविली. लोक वरून दोर ओढून माती काढीत, आणि साहेब शिडीने खाली उतरून एकटेच खणीत. असे दिवसामागून दिवस गेले. तीस फुटांच्या सुमारास माती व पोवळे ओलसर लागले. तेव्हा त्यांच्या मनात मोठी धाकधूक उत्पन्न झाली: पाणी लागेल, पण ते खारे निघाले तर? संध्याकाळी त्यांनी नामाकेईस सांगितले, की मला वाटते उद्या देव आपणांस पाणी देईल. म्हातारा म्हणाला, की साहेब, तुम्ही खालून समुद्रात पडाल आणि मासे तुम्हांस खातील.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी तळाच्या मध्यभागी लहानसे भोक पाडले आणि पाणी उसळून भोक भरू लागले. पाणी गढूळ होते. थरथरत्या हाताने त्यांनी ते तोंडास लावले, आणि ते गोडे आहे असे समजताच चिखलातच गुडघे टेकून देवाचे उपकार मानले. मग त्यांनी एक चंबू भरून वर आणला. नायकांनी तो घेतला. पाणी खरेच पाणी आहे की काय, हे पाहण्यासाठी नामाकेईने तो हलविला, बोट बुडविले, थेंब तोंडात घोळविले, आणि मग आनंदाने ओरडला की हा खरोखर पाऊसच आहे. बाकीच्यांनी विहिरीत डोकावून पाहावे असे साहेबांनी सांगितले, परंतु एकट्याने वाकण्याचे धैर्य कोणास होईना. तेव्हा सर्वांनी एकमेकांचे हात धरून लांब साखळी केली. पुढचा मनुष्य डोकावून पाही आणि मागे जाऊन दुसऱ्यास जागा देई.

त्यानंतर नामाकेईने जो प्रश्न विचारला, तो आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. त्याने विचारले की, हे पाणी तुम्ही व तुमचे कुटुंबच पिणार, की आम्हांसही थोडे मिळेल? पेटनसाहेबांनी उत्तर दिले की, बेटावरील सर्वांनी यावे, प्यावे, आणि हवे तितके घरी न्यावे. कोणाच्या घागरीने विहीर बाटते आणि कोणाच्या नाही, या प्रश्नाने आमच्या देशात माणसांस किती पिढ्या छळले, हे आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या वाडवडिलांनी स्वतः सोसले आहे. त्यांस त्या एका उत्तराचा अर्थ अधिक सांगावयास नको. याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागणाऱ्या प्रभूचा सेवक याहून निराळे उत्तर कसे देणार?

आता मात्र मजुरी न मागता सर्व गाव कामास लागला. किनाऱ्यावरून पोवळ्याचे चिरे आणून त्यांनी विहीर तळापासून वरपर्यंत बांधून काढली. पुढे लोकांनी आपापल्या वस्तीजवळ अशाच आणखी विहिरी खणून पाहिल्या, परंतु कोठे पहारीस दाद न देणारा खडक लागला, तर कोठे खारे पाणी निघाले. साहेबांच्या विहिरीचे पाणी भरती-ओहोटीबरोबर वरखाली होई, तरी गोडे राही.

याचे कारण आज सर्वांस ठाऊक आहे. पोवळ्याच्या बेटावर पडलेला पाऊस खडकातून झिरपून खाली जातो. गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे ते समुद्राच्या पाण्यावर, दुधावर साय तरंगावी तसे, थर करून राहते. समुद्र चढला की तो थरही चढतो. विहीर योग्य जागी व बेताने खणली तर हे पाणी मिळते; फार खोल गेले किंवा फार उपसा केला तर खालचे खारे पाणी वर येते. कारण समजल्याने देवाच्या दानाची थोरवी उणी होते असे आम्ही मानीत नाही. ज्याने पाऊस दिला त्यानेच तो साठविण्याची ही गुप्त कोठी बेटाच्या पोटात केली. पेटनसाहेबांस तिचा नियम ठाऊक नव्हता, तरी त्यांनी विश्वासाने व घामाने तिचे दार ठोठावले.

पुढच्या रविवारी नामाकेईने स्वतः लोकांपुढे उभे राहून सांगितले की, जे पाणी आम्हांस कधी दिसले नव्हते ते जमिनीखाली होतेच. त्याप्रमाणे जो देव आम्हांस दिसत नाही तोही आहे. त्यानंतर लोक आपल्या मूर्ती आणून देऊ लागले. शाळा भरू लागली. एका लहान छापखान्यावर अनिवाच्या भाषेतील पहिले पुस्तक छापले गेले, आणि वृद्ध नामाकेई डोळ्यांस चष्मा लावून अक्षरे शिकला. २४ ऑक्टोबर १८६९ रोजी बेटावर पहिले प्रभुभोजन झाले. त्यात बारा अनिवावासी सहभागी झाले. पवित्र शास्त्राच्या छपाईसाठी लोकांनी आरारूट पिकविले, ते धुऊन वाळवून विकावयास पाठविले, आणि आपल्या कष्टाचा पैसा घातला. नवा करार त्यांच्या भाषेत १८९९ साली छापून झाला.

या सर्व कार्यात मार्गारेटबाईंचा वाटा अर्धा होता असे म्हटले तर वावगे होणार नाही. त्यांनी स्त्रियांस वाचणे व शिवणे शिकविले, पोरक्या मुलांस घरात वाढविले, आणि बेटावरच्या जीवनाविषयी घरी जी पत्रे लिहिली ती पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. दोघांनीही आपली काही लेकरे बालपणीच गमावली. त्यांचा एक पुत्र फ्रँक पुढे १८९६ साली टाना बेटावरच मिशनरी होऊन गेला. जेथे बापाला पळावे लागले आणि जेथे तोफा वाजल्या, तेथे पुत्र हात रिकामे घेऊन गेला, आणि लोकांनी त्याचे ऐकले.

१८८१ पासून पेटनसाहेबांचे बिऱ्हाड मेलबर्न शहरी होते, परंतु त्यांचे मन बेटांवर राहिले. त्यांनी ऑस्ट्रेलिया, ब्रिटन व अमेरिका येथे पुष्कळ फिरून मिशनसाठी द्रव्य जमविले. १८६३ पासून १९०४ पर्यंत क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांसाठी पॅसिफिक बेटांवरून मजूर नेले जात. साठ हजारांहून अधिक करार झाले. त्यांत कित्येकांस फसवून किंवा जबरीने नेले होते. या व्यापाराविरुद्ध, आणि बेटवाल्यांस दारू व बंदुका विकण्याविरुद्ध, पेटनसाहेब अखेरपर्यंत बोलत राहिले. तोफेच्या वेळी ज्याचा आवाज क्षीण पडला होता, त्याचा आवाज आता दुर्बळांच्या बाजूने मोठा झाला, हे आम्ही समाधानाने नमूद करितो. १९०५ साली मार्गारेटबाई वारल्या, आणि २८ जानेवारी १९०७ रोजी पेटनसाहेबांनीही देह ठेवला.

ती बेटे ३० जुलै १९८० रोजी स्वतंत्र झाली. आज वानुआतू देशातील सर्वांत मोठी ख्रिस्ती मंडळी प्रेस्बिटेरियन आहे, आणि तिचे पाळक व वडील त्याच भूमीचे पुत्र आहेत. मार्च २०१५ च्या मोठ्या चक्रीवादळाने दक्षिणेकडील बेटांवर घरे व मळे उद्ध्वस्त केले, तेव्हाही पिण्याच्या पाण्याचीच चिंता पहिली होती. बेटावरचे गाव म्हणजे आजही पाण्याची व पिकाची राखण.

वाचकहो, या चरित्रातून आम्ही दोन गोष्टी तुमच्यापुढे ठेवितो. टाना येथे बळ दाखविले गेले आणि दारे बंद झाली. अनिवा येथे एका मनुष्याने लोकांची तहान आपली मानून तीस फूट माती उपसली आणि दारे उघडली. आणि जे मिळाले ते त्याने कुंपणात ठेवले नाही. आमच्या मंडळ्यांतील उपदेशकांनी गावात पहिल्याने हे विचारावे की, येथील लोकांस कशाची तहान आहे. मग हातात कुदळ घ्यावी, ढासळले तरी पुन्हा आरंभ करावा, आणि पाणी लागले म्हणजे शेवटच्या घरच्या बाईचीही घागर भरू द्यावी. अशा विहिरीजवळ उपदेश करणारास लोक बोलाविण्यासाठी घंटा वाजवावी लागणार नाही.